हिवाळ्यातला घाम

पहिला संशय मला बनियनवरून आला.

आमचे हे म्हणजे लग्न झाल्यापासून स्वतःचा रुमालही न धुतलेले गृहस्थ. आंघोळ झाली की ओले कपडे बाथरूमच्या कोपऱ्यात टाकायचे आणि बाहेर यायचे. त्या थंडीत मात्र मी सकाळी मागचं दार उघडलं की तारेवर एक बनियन वाळत घातलेलं दिसायचं. कधी दोन, कधी सोबत उशीचा अभ्रा. नीट पिळलेलं नसायचं, खाली पाण्याचं थारोळं.

"हे कोणी धुतलं?"

"मीच. चहा सांडला होता."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. "आज काय सांडलं?"

"अगं, असंच."

मी आयुष्यभर चौथीच्या वर्गाला शिकवलं. गृहपाठ न करता आलेलं पोर 'असंच' म्हणतं तेव्हा त्याची नजर कुठे जाते, ते मला चांगलं ठाऊक आहे. यांची नजर शेजारच्यांच्या भिंतीवर गेली होती.

आम्ही अमळनेरला राहतो. यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळली की शेतकरी ती यांच्याकडे आणतात. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, हेच काम यांनी तरुणपणापासून केलं. मी जवळच्या खेड्यातल्या शाळेतून निवृत्त झाले. एकुलती मुलगी नाशिकला दिलेली. म्हणजे घरात आम्ही दोघंच. दोन माणसांच्या घरात एकाने काही लपवायचं म्हटलं तर जागा कुठे असते? पण लपवणाऱ्याला ती सापडते.

बनियनच्या मागोमाग बाकीच्या गोष्टी डोळ्यांत भरू लागल्या. हे पुढच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले होते. कारण विचारलं तर म्हणे, तू घोरतेस. घोरत असेनही, पण मग इतकी वर्षं ते ऐकू आलं नव्हतं का? रात्रीची शेवभाजी बंद झाली. काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री असलेली शेवभाजी म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. आता म्हणायचे, "वरण-भात दे, तिखट नको." तिखट नको! माझ्या मनात आलं, बाहेर कुठे खाऊन येतात की काय. अंगाने जरा सुटले होते. गालाला, छातीला मऊपणा आला होता. टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत मुलीची पाठवणी चालली होती, तर हे डोळे पुसत होते. मोटार अंगावर पडून पायाचं बोट मोडलं तेव्हा न रडलेला माणूस.

आणि जवळ येणं थांबलं होतं. या वयात काय, असं कोणी म्हणेल. पण पाठ धरली की मी बाम चोळून द्यायचे, एवढी जवळीक आमच्यात होती. आता मी बामची बाटली घेऊन गेले की हे शर्टाचं बटण लावून घ्यायचे. "राहू दे, बरी आहे पाठ."

मग मी एकेक शंका घेऊन बसायची. दारू? तोंडाला वास नाही. टीबी? शाळेतल्या माझ्या एका सहकारी बाईच्या यजमानांना झाला होता, त्यांचंही अंथरूण रात्री ओलं व्हायचं. पण ते वाळून काटकी झाले होते. इथे तर पोट पुढे आलेलं, आणि खोकला औषधालाही नाही. उरली ती एकच शंका. ती मी स्वतःशीसुद्धा नीट शब्दांत बोलत नव्हते. दुकानाच्या दाराशी कुठली बाई मोटार घेऊन आली असं कळलं की मी चहाच्या निमित्ताने दुकानात डोकावून यायची, एवढं मात्र खरं.

त्यातच दिवाळीनंतर एका दुपारी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. अक्का धुळ्याला असते. तिचं बोलणं अजून पक्कं अहिराणी, 'ळ'चा 'य' करणारं.

"काय वं, तुना घरवाला आज धुयाले उना व्हता का?"

"नई अक्का, त्या जयगावले गयात. तांबानी तार आनाले."

"मंग माले काय भूत दिसनं का?" अक्का म्हणाली. "दवाखानास्नी गल्लीमा उभा व्हता. मी हाक मारी, तं तोंड फिरायी लिधं."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. अमळनेरहून जळगाव एका बाजूला, धुळं दुसऱ्या बाजूला. चुकून कोणी जात नाही. संध्याकाळी हे आले. हात रिकामे.

"तार कुठंय?"

"मिळाली नाही. माल संपला होता."

"जळगावात?"

"हो, जळगावातच. कुठे जाणार दुसरीकडे?" आणि आंघोळीला निघून गेले.

मी अक्काचं नाव काढलं नाही. पकडायचं तर पुरतं पकडायचं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी यांच्या दुकानाशेजारच्या कापड दुकानात गेले. तिथले शेठ यांचे जिवलग मित्र. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठचा जन्म इथलाच, मराठी आमच्यासारखीच. ब्लाउजपीस बघता बघता मी सहज विचारलं, "काल आमच्याकडचे तार आणायला कुठे गेले होते हो?"

"जळगावला, वहिनी," शेठ माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाले. "जळगावलाच गेले होते. तारेसाठी." मग स्वतःहून पुढे, "हा निळा बघा, पक्का रंग आहे."

मी निळा घेतला नाही. यांच्यासाठी खोटं बोलायला हाही तयार बसलाय, एवढं कळलं. निघताना मात्र शेठ हळूच म्हणाले, "वहिनी, त्याला जरा झोपायला सांगा. परवा बसल्या बसल्या डोळा लागला त्याचा. एका शेतकऱ्याची मोटार परत आली. वाइंडिंग उलटं भरलं होतं."

हे ऐकून मी जास्त घाबरले. यांच्या हातून वाइंडिंग उलटं भरलं जाणं म्हणजे माझ्या हातून फळ्यावर पाढा चुकण्यासारखं. रात्री झोप नाही, तर हा माणूस रात्रभर करतो काय?

उत्तर मला जानेवारीतल्या एका सकाळी स्वयंपाकघरात दिसलं. त्या दिवशी आमच्याकडे एवढा गारठा होता की खोबरेल तेल बाटलीत दगड झालं होतं. हे कानाला मफलर गुंडाळून माझ्यासमोर चहा पीत होते. बशीतून दोन घोट घेतले असतील, आणि त्यांच्या गळ्यापासून लाली वर चढू लागली. आधी मान, मग गाल, मग कान. वरच्या ओठावर घामाचे थेंब फुटले, कपाळ चमकायला लागलं. त्यांनी मफलर ओढून काढला, समोरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्याने वारा घ्यायला लागले. थोड्या वेळाने सगळं ओसरलं, अंगावर काटा आला आणि मफलर परत गळ्यात.

मी हातातली सांडशी तशीच धरून उभी. हे मी ओळखत होते. बाहेरून कधी पाहिलं नव्हतं, पण आतून तीन वर्षं भोगलं होतं.

माझी पाळी गेली तेव्हा मला असंच व्हायचं. भर वर्गात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. पण खरा छळ रात्री. गाढ झोपेतून कोणीतरी चटका दिल्यासारखी जाग यायची, छाती धडधडायची, गाऊन पाठीला चिकटलेला. कपडे बदलून पडावं तर हुडहुडी भरायची. झोप मोडली ती मोडली. दिवसा पोरांवर खेकसायची, बाजारात गेले की काय आणायला आले तेच विसरायची. आमच्या गावातल्या बायकांच्या डॉक्टरणीने मला समजावून सांगितलं होतं. शरीरातलं हार्मोन कमी झालं की मेंदूतला शरीराचं तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. एरवी अंगाला कळणारही नाही एवढी ऊब वाढली तरी तो घाबरून घाम सोडतो, आणि त्यात झोप तुटते. त्या काळात हे पाहुण्यांसमोर चेष्टा करायचे, "आमच्याकडे थंडीत शेकोटी लागत नाही, घरातच हीटर आहे." मला तेव्हा फार लागायचं ते. गेल्या वर्षभरात कुठे माझं थांबलं होतं आणि मी सकाळपर्यंत झोपायला लागले होते.

आता तोच हीटर समोर बसून चहा पीत होता.

पण पुरुषाला हे कसं होईल? मला वाटलं, मी काहीतरी भलतंच बघतेय. तरी दुपारी गुडघ्याचं निमित्त काढून त्याच डॉक्टरणीकडे गेले. गुडघा दाखवून झाल्यावर विचारलं, "मॅडम, त्या गरम वाफा पुरुषांना येतात का हो?"

त्या आधी हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "कोणाला येतात?"

"आमच्या यांना. रात्री बनियन भिजतं. आज माझ्यासमोर आली."

"वजन उतरलंय? खोकला, संध्याकाळचा ताप?"

"वजन उलट वाढलंय. बाकी काही नाही."

"साखर? थायरॉईड? कधी तपासलंय?"

"मला माहीत नाही. ते मला काही सांगत नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना कुठलं इंजेक्शन चालू आहे का? दर तीन महिन्यांनी घ्यायचं?"

"कसलं इंजेक्शन?"

"मी त्यांना तपासलेलं नाही, तेव्हा हेच आहे असं धरून चालू नका. घाम येण्याची कारणं पुष्कळ असतात. पण पुरुषांना प्रोस्टेटचा एक आजार होतो. लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, तिथला. त्या आजाराला पुरुषी हार्मोन खतपाणी घालतं, म्हणून इंजेक्शन देऊन ते हार्मोन बंद करतात. मग त्यांना तसंच होतं, जसं तुम्हाला झालं होतं. घाम, झोप मोडणं, चरबी वाढणं, एकदम रडू येणं. इच्छाही राहत नाही."

"आजार म्हणजे?"

त्यांनी शब्द टाळला नाही. "कॅन्सर."

घरी चालत येताना मी आठवत आले. तारेसाठी जळगावला हे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर एकदा गेले होते. पोळ्याच्या सुमाराला एकदा. दिवाळीनंतर एकदा, अक्काने पाहिलं तेव्हा. मधल्या काळात एकदाही नाही. आणि त्याच्या आधी, होळीच्या दिवसांत, शेठच्या नात्यातल्या लग्नाला म्हणून दोघं दोन दिवस गेले होते. परत आले तेव्हा यांच्याकडे लग्नातली सांगण्यासारखी एकही गोष्ट नव्हती. जेवणात काय होतं तेही सांगता आलं नव्हतं. मी तेव्हा 'पुरुषांचं लक्षच नसतं' म्हणून सोडून दिलं होतं. पुढे उन्हाळा आला. आमच्या खानदेशात मे महिन्यात कोण घामाने निथळत नाही? आजार उन्हात लपला, आणि थंडी पडल्यावर उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवायला आले. मी ताट वाढलं, दाराला कडी घातली आणि समोर बसले.

"प्रोस्टेट आहे ना?"

घास हातातच राहिला. "कोणी सांगितलं? शेठने?"

"म्हणजे शेठला माहीत आहे."

यांनी घास परत ताटात ठेवला. "त्याच्या ओळखीचे डॉक्टर आहेत धुळ्याला. लघवीला त्रास होता, म्हणून त्यानेच नेलं. तपासणीला तुकडा काढावा लागला. तेव्हाच ते लग्नाचं सांगितलं तुला."

"आणि मी? मी कोण?"

"तुला नुकती कुठे झोप लागायला लागली होती," हे म्हणाले. "तीन वर्षं तू रात्र रात्र बसून काढलीस. तुला सांगितलं असतं तर पुन्हा तेच. म्हटलं, थोडं आटोक्यात आलं की सांगू."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी मनात आलं की हे सगळं खरं नाही. खरं आहे, पण पुरतं नाही. या माणसाने माझ्या झोपेसाठी एवढा बनाव रचला? मी तेव्हा एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी मी येणार."

"कशाला? सुई टोचायला पाच मिनिटं लागतात."

"मी येणार."

नको म्हणण्याची त्यांनी इतकी कारणं दिली की माझी शंका वाढतच गेली. एसटीत गर्दी असते. तुझे गुडघे. डॉक्टर बायकांना आत घेत नाहीत. शेवटचं तर उघड उघड खोटं होतं. फेब्रुवारीत तारीख आली तेव्हा मी सकाळीच नेसून दारात उभी राहिले.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात बाकांवर बहुतेक पुरुषांबरोबर बायका बसलेल्या होत्या. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी पंख्याकडे. आत गेल्यावर डॉक्टर, आमच्या मुलीच्या वयाचे असतील, मला बघून खुर्चीत सरळ झाले.

"बरं झालं आलात काकू. काका गेल्या दोन्ही वेळा म्हणत होते, घरी विचारून सांगतो. काय ठरलं मग तुमचं?"

"कशाचं?"

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. हे टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

"शेक द्यायचं," डॉक्टर म्हणाले. "रेडिएशन. इंजेक्शनने आजार दबलाय, रक्ततपासणीतला आकडा छान खाली आलाय. हाडांत कुठे गेलेलं नाही. पण ग्रंथीच्या थोडं बाहेर होतं, म्हणून इंजेक्शनबरोबर शेक दिला तर बरं होण्याची आशा चांगली आहे. नुसत्या इंजेक्शनवर थांबू नका, हे मी त्यांना पोळ्याच्या वेळीच सांगितलं होतं."

आता कळलं, मला का येऊ द्यायचं नव्हतं. इंजेक्शन लपवता येतं. काही आठवडे रोज घ्यायचा शेक तारेच्या नावाखाली लपत नाही. म्हणून यांनी तोच पुढे ढकलला होता.

मी यांच्यावर दवाखान्यात ओरडले नाही. डॉक्टरांना विचारलं, "उशीर झालाय का?"

"नाही झालेला. पण आता करू नका."

"आणि घामाचं? हे झोपत नाहीत."

"मला तर म्हणाले होते, झोप उत्तम आहे."

"त्यांचं काही ऐकू नका," मी म्हटलं. रोजच्या ओल्या बनियनचं, उलट्या वाइंडिंगचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली. संध्याकाळनंतर चहा बंद, तिखट बंद हे यांना आधीच माहीत होतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून रोज चालायला सांगितलं. इंजेक्शनं बंद झाली की हळूहळू हा त्रास ओसरेल, पण ती अजून बरेच दिवस चालतील, हेही सांगितलं.

परतीची एसटी पारोळ्यावरून होती. पारोळा सोडल्यावर हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "लाज वाटायची."

"कसली?"

"छाती वाढायला लागली. दाढी करायचीही रोज गरज पडेना. रात्री उठून ओले कपडे बदलतोय. बायकांचा आजार लागला असं वाटायचं. तुला मी काय काय बोललोय, ते आठवायचं. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

हे मला पहिल्या कारणापेक्षा जास्त खरं वाटलं. कदाचित दोन्ही खरी असतील. मी अजून ठरवलेलं नाही.

शेक नाशिकला झाला, मुलीकडे राहून. ती बापाशी दोन दिवस बोलली नाही, मग दोघं मिळून दवाखान्यात जायला लागले. तिथे पोट बिघडायचं, थकवा यायचा, पण यांनी एकही खाडा केला नाही. मीही सोबत होते. तिथेच आम्ही पुन्हा एका खोलीत झोपायला लागलो. माझ्या अनुभवाचा उपयोग झाला: एका जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती चादरी, उशाला कोरडं बनियन, खिडकी बोटभर उघडी. उठायला लागलं तर दिवा लावायचा नाही, घड्याळ बघायचं नाही. गोळीने घाम निम्म्यावर आला असेल. आता दुकानात डुलकी लागत नाही, असं शेठ सांगतात. शेठना आता मी दोनदा विचारल्याशिवाय सोडत नाही.

अक्काला यांनी स्वतः सांगितलं. ती आमच्याकडे राहायला आली होती. जेवताना हे म्हणाले, "अक्का, त्या दिवशी तुम्हीच पाहिलं मला. मला कॅन्सर होता, त्याचं इंजेक्शन घ्यायला आलो होतो." घरात हा शब्द यांच्या तोंडून पहिल्यांदा मोठ्याने निघाला. अक्का म्हणाली, "सुई घेवाले धुये? अमयनेरमा सुया संपी गयात का?" तिचा अजून विश्वास बसलेला नाही. तिच्या मते त्या गल्लीत दुसरंच काहीतरी होतं.

मी मात्र आता दर वेळी बरोबर जाते. मागच्या खेपेला डॉक्टर यांना म्हणाले, "काका, आकडा अगदी खाली आहे, सगळं ठीक." हे उठायला लागले. मी बसून राहिले. म्हटलं, ठीक म्हणजे काय, पुढे काय, इंजेक्शनं कधीपर्यंत, सगळं मला परत सांगा.

"अगं, आत्ताच सांगितलं त्यांनी," हे वैतागले. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"नाही," मी म्हटलं.

डॉक्टर हसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. हे परत खुर्चीत बसले.